परक्या हाताचा पहिला घाव

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कोल्हापुरातील एक प्रतिष्ठित, पन्नाशी ओलांडलेली, दोन्ही गुडघ्यांची तक्रार असलेली आणि आयुष्यात सुरणापेक्षा कठीण काहीही न कापलेली स्त्री गेल्या माघात हातात कुऱ्हाड घेऊन जंगलात शिरली. या घटनेत कोणतीही जीवितहानी झालेली नाही. एका दगडाला किरकोळ दुखापत झाली, पण तो तक्रार करण्याच्या मनःस्थितीत नाही. सदर स्त्री म्हणजे मी.

आमच्या गल्लीत ही बातमी पसरल्यापासून लोक मला थांबवून विचारतात, "प्रवासाला गेला होता म्हणे? कुठं, काशीला?" मी सांगते, "चाकणला." मग त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. चाकणला माणसं नोकरीला जातात, तिथून बदली मागून परत येतात. प्रवासवर्णन लिहायला कुणी जात नाही. म्हणून तर लिहिते आहे.

चिंचवड

माझा धाकटा भाऊ विलास चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत आहे. लालभडक तापलेलं लोखंड प्रेसखाली येतं, धाडकन दाबलं जातं आणि गाडीच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट होऊन पुढे सरकतं. नोकरीची सगळी वर्षं त्याने तेच पाहिलं. तो मला एकदा फोनवर म्हणाला होता, "अक्का, माझ्या हाताखालनं किती शाफ्ट गेले असतील, देवाला ठाऊक. पण एकसुद्धा माझा न्हाई. मी फक्त मधला एक टप्पा. सुरुवात दुसऱ्याची, शेवट तिसऱ्याचा, ठसा कंपनीचा." मी तेव्हा म्हटलं, "पगार तुझाच आहे ना?" तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मला कळलं ते त्याच्या चिंचवडच्या फ्लॅटचं दार उघडल्यावर. बैठकीच्या खोलीत, जिथे इतरांच्या घरी लग्नाचा फोटो किंवा विठ्ठल असतो, तिथे कुऱ्हाडी होत्या. भिंतभर. रुंद पात्याच्या, चिंचोळ्या पात्याच्या, एक तर इतकी लहान की बारशाला द्यावी. सगळ्या हाताने घडवलेल्या. कुठली कोकणातली, कुठली मेळघाटातली, कुठली आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेली उचलून आणलेली.

"यातली एकही शोभेची न्हाई," विलास म्हणाला. "सगळ्या चालत्या आहेत. महिन्यातनं एकदा जंगलात न्हेतो आम्ही."

"आम्ही" म्हणजे कुऱ्हाड मित्र मंडळ. पिंपरी-चिंचवडात मित्र मंडळ कशाचंही असतं हे मला ठाऊक होतं, पण हे नवीन होतं. यात वर्गणी नाही, स्पीकर नाही, अहवाल नाही. राजगुरुनगरच्या पुढे मंडळातल्या एका बापूंची खाजगी जमीन आहे, तिथे पावसावाऱ्याने पडलेली झाडं असतात. मंडळी जातात, आपापल्या कुऱ्हाडीने ती तोडतात, फोडतात, रचून ठेवतात, जेवतात आणि तासन्‌तास कुऱ्हाडींबद्दल बोलतात. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. दुसऱ्या नियमासाठी मला कोल्हापूरहून बोलावलं होतं.

मंडळातल्या कुणी स्वतः कुऱ्हाड घडवली, तर तिचा पहिला घाव बनवणाऱ्याने घालायचा नाही. परक्या हाताने घालायचा. बनवणाऱ्याचा हात आपल्या कुऱ्हाडीला सांभाळून घेतो, तिची खोट ओळखून तिला वळवून मारतो. परका हात काही सांभाळत नाही. त्या घावाला टिकली, तर मालकाने तिच्या गालावर स्वतःचा ठसा उमटवायचा. न टिकली तर कुऱ्हाड बिननावाची.

"मग मी कशी चालेन? मी सख्खी बहीण!"

"बापूंना विचारलं मी. ते म्हणाले, बहीण तुजी हाय, कुराडीची न्हाई."

विलासने खिशातून एक बोटभर लांबीचा पोलादी ठसा काढून दाखवला. टोकाला उलटं कोरलेलं 'वि' आणि भोवती गोल. पत्र्याला भोकं पाडायच्या तुटलेल्या पंचातून त्याने तो स्वतः घासला होता. दोन वर्षं तो हा ठसा खिशात घेऊन हिंडतो आहे. कंपनीत, बाजारात, लग्नकार्यात. खिशाला भोकं पडली, ठसा काही वापरायला मिळाला नाही.

का मिळाला नाही, ते त्याच्या बायकोने सांगितलं. मंगल लातूरची. बोलायला लागली की हातातलं काम थांबत नाही आणि काम संपलं तरी बोलणं थांबत नाही.

"पहिल्या वर्षी यांनी दांडा कसा बसवला म्हणता? प्रेसवर! कंपनीत बेअरिंग बसवतेत तसा दाबून. पाचर नको म्हणले. एवढं माप बरोबर आलंय की पाचर मारली तर अपमान होईल म्हणले. लाकूड वाळलं, अन् पहिल्याच घावाला पातं गेलं उडून करवंदीच्या जाळीत. दांडा तेवढा हातात!"

"आणि दुसऱ्या वर्षी?"

मंगलने विलासकडे पाहिलं. विलास भिंतीवरच्या एका कुऱ्हाडीची धूळ फार काळजीपूर्वक पुसायला लागला.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट अशी. कुऱ्हाड उत्तम झाली होती. पण कंपनीत आयुष्य गेलेल्या माणसाला कागदावर आकडा आल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने ती क्वालिटीतल्या मित्राकडे नेली. मित्राने पोलादाचा कठीणपणा मोजायच्या यंत्राखाली धरली. ते यंत्र हिऱ्याच्या टोकाने टोचून मोजतं. मित्र तर फारच कसोशीचा. त्याने अगदी धारेला लागून तीन ठिकाणी टोचलं. आकडा इतका सुरेख आला की दोघांनी चहा घेतला. मग जंगलात पहिल्या घावाला, त्या तीन बारीक ठिपक्यांवरूनच, टपाल तिकिटासारखा धारेचा तुकडा निघाला.

पास झाली आणि पास झाल्यामुळेच मेली! मला हसू आवरेना. विलासचा चेहरा पाहून मी ते खोकल्यात बदललं. चाळीस वर्षं हौशी नाटकांतून कामं केली आहेत, एवढं येतं.

त्या दिवशी जंगलातून घरी आल्यावर त्याने प्रतिज्ञा केली: स्वतःचा ठसा बसेपर्यंत दुसऱ्या कशालाही धार लावणार नाही. झालं! त्याला वर्ष होत आलं. घरातली विळी बोथट, सुऱ्या बोथट, कात्रीची तर दोन पाती एकमेकांना नमस्कार करून परत येतात. मला रात्री जेवायला शेवग्याच्या शेंगा होत्या, हाताने मोडलेल्या. कोशिंबिरीतला कांदा बुक्कीने फोडलेला. टोमॅटोचं काय झालं होतं ते सांगण्यासारखं नाही, पण चव चांगली होती.

मी म्हटलं, "मंगल, उद्या घारगे कर बाई. तुझ्या हातच्या घारग्यांसाठी मी एवढ्या लांब आले."

"घारगे?" तिने कपाळाला हात लावला. "लाल भोपळा कापू कशानं अक्का? दगडावर आपटू? वर्ष झालं, ह्या घरात भोपळा आला न्हाई."

"अगं, भिंतीवर एवढ्या कुऱ्हाडी आहेत!"

"जंगलच्या हत्याराला सैपाकघराचं काम लावायचं न्हाई म्हणतेत."

"मग धार लावणारा येत नाही का तुमच्याकडे? सायकलवाला?"

"येतो की. दर आठवड्याला गेटवर ओरडतो." ती भाकरी थापत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी हाक मारत न्हाई. दुसऱ्याकडनं लावून घेतली तर ह्यांच्या शपथेचं काय राहिलं?"

मी कोशिंबीर आणखी वाढून घेतली. दिवसभर ज्या बाईने नवऱ्याची चेष्टा केली, तीच वर्षभर बुक्कीने कांदे फोडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाचा कार्यक्रम ठरला. धारेचा तुकडा उडालेली गेल्या वर्षीची कुऱ्हाड घेऊन आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो. कुणीतरी टाकून दिलेल्या सोफ्याचा पाय विटेवर ठेवला. मी पदर खोचला, कुऱ्हाड डोक्यावर नेली, आणि समोर सोसायटीचे चेअरमन उभे.

"हे काय चाललंय?"

"भाऊबहिणीचं प्रेम," मी म्हटलं.

चेअरमन दोन पावलं मागे सरले. "विलासराव, मागच्या वेळी तुम्ही टेरेसवर भट्टी लावली होती, तेव्हा मी काही बोललो का?"

"बोलला होता की. फायर ब्रिगेडला फोन केला होता."

"तेवढंच. पण आता पार्किंगमध्ये हे नको, राव. लोक घाबरतात."

तेवढ्यात माझा हात सुटला. कुऱ्हाड सोफ्याच्या पायाला चाटून विटेत बसली आणि विटेचे दोन समान भाग झाले. चेअरमन लिफ्टकडे चालते झाले. विलास विटेकडे पाहत होता. "अक्का," तो म्हणाला, "तू डोळे मिटले हुतेस."

हे खरं होतं. नाटकात तलवार उपसताना मी नेहमी डोळे मिटते. चेहऱ्यावर तेज येतं.

चाकण

नवी कुऱ्हाड घरात नव्हती. ती चाकणला होती, भट्टीपाशी. सोसायटीतून हद्दपार झाल्यावर विलासने आपलं काम पारूबाईंच्या पालाशेजारी हलवलं होतं. पारूबाईंचं लोहार कुटुंब रस्त्याकडेला पाल ठोकून राहतं. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी करून विकतं. माल येतो समोरूनच, मोडक्या ट्रकच्या कमानपाट्यातून. चाकणच्या चौकात तासभर अडकून पडल्यावर मला वाटलं, या गर्दीतला निम्मा माल लवकरच कुऱ्हाडी होण्याच्या लायकीचा आहे.

आमच्याकडे ट्रॅफिक म्हणजे एखादी म्हैस आडवी बसते. हॉर्न वाजवला की ती वळून बघते, आपण तिची माफी मागतो, संपलं. इथे कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, कांद्याचे टेम्पो आणि मधूनच उलट्या दिशेने येणारा एक निवांत मोटारसायकलवाला. कुणी कुणाकडे बघत नाही. फक्त एका टेम्पोवाल्याने आमच्या शेजारी थांबून खिडकीतून आपुलकीने विचारलं, "भाऊ, तुमची कितवी शिफ्ट चुकली?"

पारूबाई उंच, कानांत जाड बुगड्या, हातात घण. त्यांचा नवरा सांडशीने तापलेलं लोखंड धरतो आणि बाई घण मारतात. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"ही मारनार का पयला घाव?"

"व्हय," विलास म्हणाला.

"नि हे लोक कुराडी भितीला टांगत्यात ते खरं?"

"खरं," मी म्हटलं.

"मग भितच तोडायची का?" बाई मनापासून हसल्या. "आमी करतो, इकतो, दुसऱ्या दिशी इसरतो. ह्यो भाऊ एकच कुराड घिऊन वरीसभर बसलाय. मी म्हनलं, येवढ्या टायमात पोरगं चालाय लागतं!"

विलासने ती पोत्यातून काढली. कुऱ्हाडीबद्दल मला काही कळत नव्हतं, तरी मी थांबले. पातं कमानपाट्याचंच, पण त्याला वळण असं की बघत राहावं. दोन्ही गाल किंचित फुगीर. त्यामुळे लाकडात अडकत नाही म्हणे. घणाच्या खुणा पुसून टाकल्या नव्हत्या, माशाच्या खवल्यांसारख्या त्या अंगभर होत्या. धारेचा पट्टा तेवढा उजळ. दांडा धामणीच्या लाकडाचा, मध्ये हलकासा बाक घेतलेला. नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, या वेळी पाचर होती, मोठी, ठसठशीत, कुणाचाही अपमान न वाटून घेणारी.

"आकडा किती आला?" मी खोडसाळपणे विचारलं.

"मोजला न्हाई." त्याने घाम पुसला. "धारेला पाणी मी दिलं, म्हंजे तापवून कडक केली, रंग बघून. पिवळा झाला, पुढं सरकला, तेव्हा थांबवलं. बरोबर थांबवलं का न्हाई ते मला ठाऊक न्हाई. अक्का, पहिल्यांदाच मला ठाऊक न्हाई."

मी पारूबाईंकडे पाहिलं. त्यांनी कुऱ्हाड हातात घेतली, उन्हात फिरवली, परत दिली. "आदी इचारू नका. घाव बसंल तवा कळंल."

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी घण माझ्या हातात दिला. समोर ऐरणीवर लाल तापलेला खुरप्याचा तुकडा. "मार बाई. हात बगू तुजा."

मी मारला. ऐरण वाजली, ऐरणीशेजारची पाण्याची बादली वाजली, बादलीतलं पाणी पारूबाईंच्या नवऱ्याच्या मांडीवर गेलं. खुरपं जसंच्या तसं. बाईंनी घण माझ्या हातातून अलगद काढून घेतला, जसा आपण नातवाच्या हातातून मोबाईल काढून घेतो. विलासने नव्या कुऱ्हाडीला पुन्हा पोत्यात गुंडाळलं. जरा घट्टच गुंडाळलं.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "अरे, दुसरा कुणीतरी बघ की. वेळ गेली नाही."

"न्हाई. नियम म्हंजे नियम. ज्याला येतं त्याचा हात सांभाळून घेतो." मग चौकातल्या सिग्नलकडे बघत म्हणाला, "तू तर कायच सांभाळणार न्हाईस."

ही स्तुती होती की काय, याचा मी चिंचवडपर्यंत विचार केला.

राजगुरुनगरच्या पुढे

मंगलने पूर्वी कधीही जंगलात पाय ठेवला नव्हता. "मला काय करायचंय तिकडं, डास चावून घ्यायचेत?" असं ती दोन दिवस म्हणत होती. निघायच्या सकाळी पाहिलं तर ती गाडीत सगळ्यांच्या आधी बसलेली, मांडीवर डबा.

"डबा पोचवायला चालले," ती म्हणाली. "तुमच्या कुराडीचं माझं काय न्हाई."

राजगुरुनगर मागे पडलं, भीमेचा पूल ओलांडला आणि एकदम हवा बदलली. हेच ते जिल्ह्याचं नवल. अर्ध्या तासापूर्वी नाकात गिअर ऑइलचा वास होता, आता वाळलेल्या गवताचा. डोंगरउतारावर पळस पेटलेला. रस्त्याच्या कडेला पोत्यांवर हिरडे वाळत घातलेले.

बापू बांधावर उभे होते. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, पायांत कंपनीचे सेफ्टी बूट. मूळचे चिखलीचे. तिकडची शेती इमारतींखाली गेली, तेव्हा हे जंगल त्यांनी मुद्दाम घेतलं. नम्रता हा गुण बापूंच्या वाटणीला आलेला नाही. "हितल्या सगळ्या झाडांची नावं मला पाठ हायत," ते पहिल्याच वाक्यात म्हणाले, "आन् झाडान्लाबी माजं." लगेच त्यांनी एका झाडाला काटेसावर म्हटलं. त्याला पांगारा म्हणतात हे मलासुद्धा ठाऊक होतं. पण मी पाहुणी होते.

मंडळातले आणखी दोघे आले होते. संघमित्रा कांबळे पिंपरीला फिजिओथेरपिस्ट आहे. वडील कंपनीत कामगार होते. दिवसभर लोकांच्या मनगटाच्या तक्रारी ऐकून ऐकून ती दांडे घडवायला लागली. विलासचा धामणीचा दांडा तिचाच. तिने माझा हात हातात घेतला, बोटं मोजल्यासारखी दाबली आणि म्हणाली, "अक्का, अंगठा सैल सोडा. आणि गुडघे?"

"दोन आहेत," मी म्हटलं. "एवढंच त्यांच्याबद्दल चांगलं सांगता येईल."

दुसरा नितीन. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, राहायला जवळच्याच माण गावात. त्याच्याकडे परदेशातून मागवलेली कुऱ्हाड होती, चामड्याच्या म्यानात. ती बाहेर काढताना तो तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. मी कान देऊन ऐकलं. उशीर झाल्याबद्दल माफी मागत होता.

आधी इतरांचं काम झालं. मी अशी मंडळी प्रथमच पाहत होते. कुणीही घाई करत नाही. एक घाव घालतो, बाकीचे ऐकतात. चांगल्या घावाचा आवाज भरीव येतो, वाईटाचा पत्र्यासारखा. मग उडालेला ढलपा उचलून पाहतात, दोन्ही बाजूंनी, जशा आमच्याकडे बायका साडीचा पदर पाहतात. ढलपा मोठा, कडा स्वच्छ, तर मान हलते. बारीक चुरा निघाला तर कुणी काही बोलत नाही, आणि ते न बोलणं फार लागतं. नितीनच्या एका ढलप्यावर बापू एवढे खूश झाले की तो त्यांनी टोपीत ठेवला.

मधल्या वेळात जेवण. बापूंच्या घरून मासवड्या आल्या होत्या, रस्सा आणि बाजरीची भाकरी. मासवडीत मासा नसतो, हे मला पहिला घास घेतल्यावर समजलं. बेसनाच्या वडीत खोबरं, तीळ आणि कांद्याचं सारण, आकार तेवढा माशाचा. कोल्हापूरला आम्ही असं फसवत नाही. मटण म्हटलं की मटणच असतं. पण हे लबाड माणसांचं जेवण मी तीनदा मागून घेतलं. मंगलच्या डब्यात भेंडी होती, अख्खी, न चिरलेली. सगळ्यांनी ती काही न विचारता खाल्ली. मंडळाला प्रतिज्ञा ठाऊक होती.

विलास काही खात नव्हता. त्याचा एक हात सारखा खिशात, ठशावर.

मग बापू उठले. पलीकडे एक हिरड्याचं खोड आडवं पडलं होतं, मागच्या पावसाळ्यात कोसळलेलं, वाळून टणक झालेलं. "हे लाकूड म्हंजे सासू," बापू म्हणाले. "वाकत न्हाई. हितंच व्हऊ द्या."

विलासने पोतं सोडलं. कुऱ्हाड माझ्या हातात दिली, आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत न बघता लांब जाऊन उभा राहिला. मंगल खोडाकडे पाठ करून डबे आवरायला लागली. एकच डबा ती पुन्हा पुन्हा आवरत होती.

मला वाटलं होतं, मी काहीतरी विनोद करीन. सुचलाच नाही. ती कुऱ्हाड हातात जिवंत होती. जड नव्हे, भरलेली. मी पाय रोवले, अंगठा सैल सोडला, कुऱ्हाड डोक्यावर नेली. तीन जण, बापू आणि अख्खं जंगल माझ्याकडे बघत होतं, आणि अशा वेळी चाळीस वर्षांची सवय काय करते?

मी डोळे मिटले.

आवाज आला तो लाकडाचा नव्हता. खण्णकन् आला, दाढेत कळ जावी तसा. डोळे उघडले तर कुऱ्हाड खोडाला चुकवून पलीकडच्या पाचोळ्यात घुसली होती, आणि पाचोळ्याखाली काळा दगड होता. त्याच्यावर पांढरा ओरखडा उठला होता.

मी कुऱ्हाड सोडून दिली. मी म्हटलं, "हा धरायचा नाही! हा सराव होता!"

"पयला घाव तो पयला घाव," बापू म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. नियम त्यांचाच होता, आणि आत्ता त्यांना तो आवडत नव्हता.

विलास आला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "राहू दे अक्का. तुला लागलं न्हाई न्हवं?" आणि त्याने खिशातला हात बाहेर काढला. रिकामा. तिसरं वर्ष, आणि या वेळी चूक त्याची नव्हती.

संघमित्राने मात्र कुऱ्हाड उचलली. पिशवीतून कापसाचा बोळा काढला आणि धारेवरून हळूहळू फिरवला. धारेचा तुकडा उडाला असला तर कापूस तिथे अडकतो, तंतू निघतात. बोळा या टोकापासून निघाला. मध्यावर आला. तिथे जरासा थबकला, आणि पुढे गेला. तंतू एकही निघाला नाही.

"बापू, हे बघा."

बापूंनी चष्मा लावला, नख फिरवलं, पातं उन्हात तिरकं धरलं, परत नख फिरवलं. बराच वेळ. मग म्हणाले, "दबलीय."

"म्हणजे?" मी ओरडलेच.

"तुटली न्हाई. पानी जादा झालं आसतं तर दगडावर काचंवानी फुटली आसती. कमी आसतं तर आडवी झोपली आसती. ही दबली, आन् हुभी हाय." त्यांनी मान वर केली. "काळ्या दगडावर कोन मारून बगतंय का राव आपली कुराड? मी जन्मात मारली न्हाई. ह्या बाईनं डोळं झाकून मारली!"

नितीनने पिशवीतून कानस काढून विलासच्या हातात दिली. विलास खोडावर बसला. दबलेल्या जागी त्याने कानस चालवली. कानस सहज घसरतही नव्हती आणि सहज कापतही नव्हती, कुरकुरत थोडं थोडं पोलाद घेत होती. तो आवाज ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. आकडा नव्हता, पण कान होते.

"दुसरा घाव त्याच हाताचा," बापू म्हणाले. "आन् बाई, ह्या टायमाला बगा जरा."

मी बघितलं. डोळे फाडून, अजिबात तेज नसलेल्या चेहऱ्याने बघितलं, आणि मारलं. हिरड्यात कुऱ्हाड अशी गेली की मला वाटलं ती मला ओढून नेते आहे. आवाज भरीव, खालून आलेला. दुसऱ्या बाजूने तिरका मारल्यावर तळहाताएवढा ढलपा सुटला, हवेत गिरकी घेतली आणि पाठ करून बसलेल्या मंगलच्या मांडीवर जाऊन पडला. तिने तो उचलला. दोन्ही बाजूंनी पाहिला. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

नितीनने आपली हातोडी पुढे केली. विलासने कुऱ्हाडीचा गाल खोडावर टेकवला आणि खिशातून ठसा काढला. त्याने ठसा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. एकच ठोका मारला.

गोलातलं 'वि'. जरा तिरकं बसलं. तो अंगठा त्याच्यावरून फिरवत राहिला. बापूंनी टोपी काढली, तेव्हा तीत ठेवलेला नितीनचा ढलपा खाली पडला. संघमित्रा दुसरीकडे पाहत होती. नितीन म्यानाचं बटण लावत होता, काढत होता. जंगलात कुठेतरी एक पाखरू तेवढं ओरडत होतं.

आणि त्या शांततेत, हातातला ढलपा छातीशी धरून, मंगल एकदम मोठ्याने म्हणाली,

"अहो, जाताना एक भोपळा घ्या!"